62 पोती की 81?



पर्युषणाच्या आधी कपाट आवरताना विम्याच्या दाव्याची जुनी फाईल सापडली. झाडू बाजूला ठेवून वाचत बसले.

7 ऑगस्ट 2010. मुंबई बंदराजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया ही जहाजे आदळली. चित्रा कलंडली, कंटेनर समुद्रात पडले, आणि तरंगत्या कंटेनरांमुळे मुंबई व जेएनपीटीची जहाजवाहतूक काही दिवस थांबली. आमचा कॅनडाचा पिवळा वाटाणा दुसऱ्या जहाजावर होता. तो बाहेर खोळंबला आणि उशिरा वरोऱ्याला आमच्या दालमिलवर पोचला.

कंटेनर उघडला तर कुबट वास. छताला बारीक छिद्र, त्याखालची 62 पोती ओली. ह्यांनी लगेच फोटो काढले, पावतीवर शेरा मारला, विमा कंपनीला फोन केला. मी बी.कॉम., म्हणून पत्रे माझ्याकडे. नुकसान बाहेरून दिसत नसेल तर जहाज कंपनीला तीन दिवसांत लेखी कळवावे लागते आणि वर्षाच्या आत दावा लावावा लागतो. शिवाय निव्वळ उशिरामुळे झालेले नुकसान सागरी विम्यात बसत नाही. हे सगळे मी तेव्हाच शिकले.

कंटेनर अडकवला तर भाडे चढते, म्हणून ओली पोती वेगळी ठेवून बाकी माल गोदामात उतरवला. त्याच रात्री धो धो पाऊस. गोदामाचा पत्रा गळला आणि आणखी 19 पोती भिजली.

सकाळी मुनीमजी म्हणाले, "वहिनी, वाटाणा तोच, पोते तेच. 81 लिहा. कोण विचारतंय?"

खोटे कशाला सांगू, माझा हात थांबला तो लगेच नाही. त्या वर्षी मिलवर कर्ज होते. 19 पोती म्हणजे आमच्यासाठी लहान रक्कम नव्हती. रात्रभर आकडा डोक्यात फिरत राहिला. मग सत्य अणुव्रताचे पाच अतिचार आठवले. त्यात एक आहे कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा कागद लिहिणे. लहानपणी पाठशाळेत घोकलेला हा शब्द कधी माझ्याच पेनाच्या टोकाशी येईल असे वाटले नव्हते.

मी ह्यांना म्हटले, "अहो, पत्रा आपला गळला. त्याचे पैसे दुसऱ्याकडून कसे मागायचे?" ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "62 लिही."

सर्व्हेअर आले तेव्हा त्यांनी पोत्यांवर सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले. जिथे खारे पाणी होते तिथे थेंब दुधासारखा पांढरा झाला. गोड्या पाण्याला तसे होत नाही. मुनीमजींचा चेहरा उतरला. चाचणी अशी असते हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हते.

काही महिन्यांनी दावा मंजूर झाला, तोही थोडी कपात होऊन. 19 पोत्यांचा तोटा आम्ही सोसला आणि पुढच्या उन्हाळ्यात आधी पत्रा बदलला.

आता वाटते, पकडले गेलो असतो ही भीती नंतरची. आदल्या रात्री तपासणारे कोणी नव्हते, फक्त मी आणि कोरा फॉर्म. त्या रात्री मनाने 81 लिहून पाहिलेच होते. त्याबद्दल यंदाही मिच्छामि दुक्कडम् म्हणेन.