मे महिन्यातली विहीर

‘स्वयंपूर्ण’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो प्रथम वर्षाला, गांधीविचाराच्या तासाला. सर ग्रामस्वराज्याविषयी बोलत होते. गावाने आपल्यापुरते धान्य पिकवावे, आपल्या कपड्यापुरता कापूस पिकवावा, असे त्यांनी सांगितले आणि मी ते वहीत उतरवून खाली दोन रेघा मारल्या. आमच्या माण तालुक्यात कापूस दिसत नाही, हे तेव्हा मनात आले होते. पण वर्गात उभे राहून तसे म्हणण्याइतके धैर्य माझ्याजवळ नव्हते. आमच्या घरात कॉलेजचे तोंड पाहिलेली मीच पहिली. सर म्हणतात ते खरे आणि पुस्तकात छापले आहे ते त्याहून खरे, अशी माझी तेव्हा समजूत होती. पुढे जे घडले त्याला ही समजूतच कारण झाली.

माझे वडील (आम्ही त्यांना तात्या म्हणतो) बावीस वर्षे वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात माथाडी आहेत. पन्नास किलोची गोणी पाठीवर घ्यायची, गाडीतून गाळ्यात आणि गाळ्यातून गाडीत. सातारा जिल्ह्यातल्या कितीतरी घरांची चूल या गोण्यांवर पेटते. १९६९ साली माथाडी कायदा झाला तेव्हापासून या कामाला थोडी शिस्त आली, फंड आला, सुट्टी आली. पण पाठ काही कायद्याने मजबूत होत नाही. दोन वर्षांपूर्वी तात्यांच्या कमरेने दगा दिला. डॉक्टरांनी वजन उचलू नका म्हणून सांगितले. माथाड्याला वजन उचलू नका म्हणणे म्हणजे पुजाऱ्याला देवळात जाऊ नका म्हणण्यासारखे आहे.

त्याच सुमारास आपल्या ग्रंथालयात मला श्री. अ. दाभोळकरांचे ‘विपुलाच सृष्टी’ हे पुस्तक सापडले. प्रयोग परिवाराचे हे दाभोळकर. दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचे भागू शकते, असे ते मांडत. दहा गुंठे म्हणजे पाव एकर! उन्हाचा आणि पानांचा त्यांचा हिशेब वाचताना मला रात्रभर झोप आली नाही. रविवारी फोनवर मी तो तात्यांना वाचून दाखवला. पलीकडे बाजारातला गलका होता. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पुस्तकात हाय का असं?”

“हो तात्या, छापलंय.”

“मग बघू.”

पुढच्या रविवारी त्यांनी स्वतःच विचारले, “पुढचं वाच.” अशी आमची पारायणे चार-पाच रविवार चालली. फंड काढायचा, पाठीवरचे ओझे उतरवायचे, थोडी जमीन घ्यायची आणि बाजारातून मीठ सोडून काही आणायचे नाही, असे त्यांनी ठरवून टाकले. जमीन कुठे घ्यायची एवढेच राहिले होते.

आजीला हे सगळे ऐकून हसू आले. १९७२ च्या दुष्काळात ती दहा-बारा वर्षांची होती आणि आईबापांबरोबर खडी फोडायला जात होती. ती म्हणाली, “आमी व्हतोच की बाहत्तर साली तसलं. काय बी इकत घेत नव्हतो. पैसाच नव्हता.”

आमची स्वतःची जमीन आहे, मग दुसरीकडे कशाला पाहायचे, असे कुणी विचारील. सातबाऱ्यावर चार एकर आहे आणि त्यावर नावेही चार आहेत: आजी, तात्या, काका आणि आत्या. सगळी जिरायत. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि आमच्याकडे तो पाचशेच्या आसपास रेंगाळतो. भूगोलाच्या पुस्तकात याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. छाया हा शब्द इथे ज्याने योजला तो मे महिन्यात माणात आला नसावा. २०१९ साली चारा संपला तेव्हा आजी आमच्या दोन गाई घेऊन म्हसवडच्या छावणीत राहिली होती. मी तेव्हा शाळेत होते. सुट्टीत तिच्याकडे जाऊन राहिले. ताडपत्रीखाली माणसे आणि गुरे एकाच सावलीत झोपत. तात्यांना ते आठवत होते. म्हणून त्यांना पाणी असलेली जागा हवी होती.

काकांचे म्हणणे होते की सगळीच जमीन विकून टाकू, जो तो आपला वाटा घेईल. तात्याही तयार झाले होते. तेव्हा भाऊसाहेबांनी, म्हणजे तलाठ्यांनी, त्यांना बाजूला घेऊन समजावले. १९४८ च्या कूळकायद्याप्रमाणे जो शेतकरी नाही त्याला आपल्या राज्यात परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. आधी सगळी विकून बसलात तर सातबाऱ्यावरून नाव जाईल, आणि मग नवी घ्यायला जाल तेव्हा शेतकरी असल्याचा दाखला कुठून आणाल? पिढ्यान्‌पिढ्या मातीत राबलेला माणूस एका सहीने कागदावर बिगरशेतकरी होतो, हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. एवढी महत्त्वाची गोष्ट माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हती. असेल, तर ते पान मी उघडले नव्हते.

पहिली जागा तात्यांच्या बाजारातल्या एका ओळखीच्या माणसाने सुचवली. लांजा तालुक्यातली तीन एकर, आणि भाव आमच्या आवाक्यातला. ऑगस्टच्या सुट्टीत मी आणि तात्या गेलो. आंबा घाट उतरताना माझे डोळे निवले. धुके, धबधबे आणि रस्त्याच्या कडेने धावणारे पाणी. आमच्याकडे पाण्यामागे माणूस धावतो, इथे माणसामागे पाणी धावत होते. जमिनीतला बराचसा भाग कातळाचा, पण त्यावरही गवत आणि इवलीशी फुले उगवली होती. खालच्या अंगाला अर्धा एकर भाताची खाचरे, बारा कलमे हापूसची. आणि विहीर! कठड्यावरून ओणवून तात्यांनी हात खाली घातला आणि ओंजळ भरून वर काढली. ते पाणी ते प्यायले नाहीत. तोंडावरून फिरवले आणि नुसते उभे राहिले. माझ्या आठवणीत मी त्यांना इतके सुखी कधी पाहिलेले नाही.

घरी येऊन आम्ही दोघांनी मिळून वर्णन केले. आई भाकरी थापत होती. सगळे ऐकून घेतल्यावर तिने एवढेच म्हटले, “तुमी श्रावणात गेला व्हता. मला मे महिन्यात न्या.”

तात्यांना राग आला. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे, हा आकडा मीच त्यांना पुरवला होता. पण आईने हट्ट सोडला नाही, आणि इसार द्यायचा राहिला.

मधल्या दिवाळीत शिरोळ तालुक्यातली एक जागा पाहिली. तिच्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. कृष्णाकाठची काळीभोर जमीन इतकी स्वस्त का, हे बांधावर उभे राहताच कळले. ढेकळांवर पांढरी साय धरली होती. वर्षानुवर्षे उसाला पाणी पाजून पाजून खालचे क्षार वर आलेले. तात्यांनी चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकून टाकली. “मीठ बी इकत घ्यायला नको,” ते म्हणाले, आणि आम्ही परत फिरलो.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तिघे पुन्हा लांज्याच्या वाडीत गेलो. त्या जागी आम्ही पूर्वी आलो होतो यावर माझा विश्वास बसेना. कातळ तव्यासारखा काळा पडला होता. पायातल्या चपलेतून चटका बसत होता. कलमांवरचे आंबे उतरवलेले. ज्या विहिरीत तात्यांनी ओंजळ भरली होती तिच्यात आईने दोराने कळशी सोडली. दोर सुटत गेला, सुटत गेला, आणि खालून कळशी दगडावर आपटल्याचा आवाज आला. तो आवाज ऐकून कुणीच काही बोलले नाही. आईने कळशी वर ओढली. तळाला वाटीभर गढूळ पाणी होते.

शेजारच्या घरातल्या आजींनी आम्हांला पडवीत बसवले, कोकमाचे सरबत दिले. पाणी कुठून आणता, असे आईने विचारले. खालच्या पऱ्यावरून, त्यांनी सांगितले. तोही आटला की टँकर. पाखाडीच्या पायऱ्या आईने खाली जाऊन मोजल्या. एकशे सदुसष्ट भरल्या. आजी म्हणाल्या, “पाऊस मायंदाळ पडतो हो, पण ऱ्हात नाय. जांभ्याचा दगड, सगळा खाली झिरपून जातो.” भात किती दिवस पुरतो, या प्रश्नावर त्या हसल्या. सहा महिने, माकडांनी ठेवला तर. बाकीचे सहा महिने मुंबईच्या मुलाचे पैसे. म्हणजे ज्या गावात तात्यांना मुंबई सोडून यायचे होते, ते गावही मुंबईवरच उभे होते!

निघताना आईने आजींना आणखी एक प्रश्न विचारला. “तालुक्याची शेवटची एसटी कितीला असती?” साडेपाचला, असे उत्तर मिळाले, तेही येईल तेव्हा खरी. आई ‘बरं’ म्हणाली. मला वाटले, ती बाजारहाटाचा विचार करते आहे.

त्या रात्री घरी परतल्यावर मी पांघरुणात तोंड घालून पडले होते. आई आजीला हलक्या आवाजात सांगत होती, “पाण्याचं काय, मी आणीन चढून. आजवर आणलंच की. पर ही तिथनं कॉलेजला कशी जायची? ह्यांच्या ध्यानात बी न्हाई, आन् तिच्या बी न्हाई.”

खरोखरच माझ्या ध्यानात नव्हते. दहा गुंठ्यांत काय काय पिकेल याची यादी मी केली होती. मेथी, दुधी, शेवगा, कढीपत्त्यापर्यंत. त्या यादीत मी कुठे राहीन, कुठल्या गाडीने जाईन, हे मी लिहिलेच नव्हते. पाणी कोण आणील हेही लिहिले नव्हते. दाभोळकरांचे पुस्तक मी दुसऱ्यांदा काढून वाचले तेव्हा माझ्या लक्षात आले की प्रयोग, नोंदी, अभ्यास यांवरची पाने मी फोनवर वाचलीच नव्हती. तात्या कंटाळतील म्हणून गाळली होती. एका थकलेल्या माणसाला मी पुस्तकातले तेवढे गोड वाचून दाखवले होते. त्याने पुस्तकावर विश्वास ठेवला नव्हता, माझ्यावर ठेवला होता. हे मी त्यांना अजून बोलून दाखवलेले नाही. हा अंक घरी नेईन तेव्हा वाचूनच दाखवावे लागेल.

मग हिशेब आमच्या रानाचा सुरू झाला. आजीचा आणि तात्यांचा वाटा मिळून दोन एकर. पाच माणसांना रोज दोन किलो धान्य धरले तर वर्षाला सव्वासात क्विंटलच्या वर लागते. बऱ्या वर्षी आमच्या रानात एकरी चार पोती ज्वारी होते. म्हणजे बऱ्या वर्षी जेमतेम भागते. वाईट वर्षी कडबासुद्धा हाती लागत नाही. राहता राहिले पाणी. टाकेवाडी हे आमच्याच तालुक्यातले गाव. २०१८ साली पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेत ते राज्यात पहिले आले. लोकांनी माळावर चर खणून, बांध घालून पाणी अडवले. तात्या म्हणाले, गावाला जमतं ते घराला का जमू नये.

वर पंधरा मीटर लांब-रुंद, तीन मीटर खोल आणि बाजूंना उतार, एवढ्या शेततळ्यात सुमारे चार लाख चाळीस हजार लिटर पाणी मावते. निम्मे ऊन पिते असे धरले. घरचा वापर आणि दोन गाई मिळून रोज तीनशे लिटर, म्हणजे आठ महिन्यांना बहात्तर हजार. उरलेल्यात दोन गुंठे भाजी निभावते. दहा नव्हे, दोन! आणि तळे भरायला वरच्या माळाचे अडीच एकरांवरचे पाणी वळवावे लागते, त्यातले काही काकांच्या वाट्यातून. त्यासाठी तात्या स्वतः काकांकडे गेले. दोन भाऊ तीन वर्षांनी एकत्र चहा प्यायले. आत्याने हक्कसोडपत्रावर सही करावी असा विषय त्या चहात निघाला होता. आजीनेच तो मोडून काढला. “तिचं नाव हाय तिथं राहू दे. उद्या हिचं बी लागंल,” असे म्हणून तिने माझ्याकडे बोट केले.

खड्डा अर्धा झाला आणि २०२५ च्या मे महिन्याने सगळ्यांनाच फसवले. २६ मे रोजी मोसमी पाऊस मुंबईत पोचलासुद्धा, आणि त्याच्या आधीच आमच्या माळावरून तांबडे पाणी खाली आले. अजून कागद अंथरायचा होता. खड्ड्यात चिखल झाला, एक बाजू ढासळली. तात्या त्या चिखलात उभे राहून हसत होते. “बघ, हाय का न्हाई पाणी!” आई म्हणाली, “ह्या साली हाय. ह्या सालावर घर बांधू नका.” पुढे उघडीप मिळाली तेव्हा बाजू सावरली, कागद टाकला, आणि परतीच्या पावसात तळे काठोकाठ भरले.

तात्या अजून वाशीलाच आहेत. वजन उचलण्याऐवजी आता गोण्या शिवायचे हलके काम करतात. पैसा कमी मिळतो. यायचे की नाही हे या मे महिन्यानंतर ठरवायचे, असे आईने त्यांच्याकडून कबूल करून घेतले आहे. मेथी मात्र घरची आहे. चहापत्ती, साखर, आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि माझी फी बाजारातूनच येते.

आईने तळ्यात एक बांबू रोवला आहे आणि त्यावर वितीवितीला कोयत्याने खुणा केल्या आहेत. दर रविवारी ती मला फोनवर आकडा सांगते आणि मी तो भूगोलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवते. काल पाचवी खूण उघडी पडली. जानेवारी अजून संपायचा आहे.

(द्वितीय वर्ष, कला)