आडव्या बाटल्या

दारू न पिताही माणसाला चढते, हे मला माझ्या धाकट्या भावामुळे कळलं. त्याला सुतारकी चढली होती!

नाशिकच्या आमच्या जुन्या घराखाली एक तळघर आहे. आजोबा तिथे गुळाच्या ढेपा ठेवीत. गेल्या उन्हाळ्यात माळा उतरवला, तेव्हा त्याच्या सागवानी फळ्या निघाल्या. त्या विकाव्यात, असं माझं मत. भाऊ म्हणाला, "दादा, मी यांची मांडणी करणार. वाइनच्या बाटल्यांसाठी."

आईनं कपाळाला हात लावला. आमच्या घरात बाटली म्हणजे एकतर औषधाची, नाहीतर फिनेलची. 'बाटली' या नामाचं 'बाटणे' या क्रियापदाशी नातं नाही, हे मराठीचा प्राध्यापक म्हणून मी छातीठोकपणे सांगेन. पण आईच्या व्याकरणात ते होतंच.

पठ्ठ्यानं मात्र रंधा हाती घेतला. बाटलीचा घेर धरून व्यास साडेसात सेंटिमीटर. म्हणून प्रत्येक घर १० सेंटिमीटरांचं. फळ्यांना अर्धी अर्धी खाच पाडून त्या एकमेकींत अडकवायच्या. आडवी आठ घरं, उभी पाच. भरलेली बाटली साधारण सव्वा किलोची, म्हणजे चाळीस बाटल्यांचा भार ५० किलो! म्हणून मांडणी भिंतीला पक्की जखडली. उग्र वासाचं पॉलिश त्यानं लाकडाला लावू दिलं नाही.

"पण बाटल्या आडव्या का रे?" मी विचारलं.

"बूच ओलं राहायला हवं. सुकलं की आक्रसतं, आत हवा शिरते, वाइन बिघडते. फिरकीच्या झाकणाची असेल तर उभी ठेवली तरी चालते."

अंधार हवा, हादरे नकोत, १२-१३ अंशांचा एकसारखा गारवा असला तर उत्तम. तेवढा गारवा नाशिकच्या मे महिन्यात कुठला? पण तळघरात उन्हाची झळ तरी पोचत नाही. हे सारं ऐकून आई म्हणाली, "मग ही बाळंतिणीचीच खोली की रे!" आणि तिचा विरोध तिथेच मावळला.

मांडणी पुरी झाली त्या संध्याकाळी भाऊ एकच बाटली घेऊन खाली उतरला. लग्नाच्या दहाव्या वाढदिवशी दोघांनी जवळच्या एका द्राक्षमळ्यातून आणलेली. ती फोडायचं राहून गेलं, आणि माझी भावजय गेली. त्यानंतर दीड वर्ष हा माणूस जेवला, झोपला, कचेरीत गेला. पण 'उद्या' हा शब्द काही त्याच्या तोंडी आला नाही.

बाटली त्यानं मधल्या घरात हलकेच निजवली.

"आणि उरलेली एकोणचाळीस घरं रे?" आईनं विचारलं.

"भरतील गं हळूहळू," तो म्हणाला.

मी वर्गात गेली वीस वर्षं काळ शिकवतो आहे. पण भविष्यकाळ इतका गोड लागतो, हे मला त्या तळघरात समजलं.