७२ तासांच्या आत

सासू समोर बसलेली असताना सुनेला विचारायचं, "पाळी कधी आली?" तेही दर महिन्याला. गावात आमचं नावच पडलं होतं, 'पाळीच्या बाई'. १९९३ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या आणि इंग्लंडच्या साउथॅम्प्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी मिळून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांच्या आहाराचा अभ्यास सुरू केला. मी त्यात फील्ड वर्कर होते.

साउथॅम्प्टनचे डेव्हिड बार्कर सांगत होते, की आईच्या पोटात ज्याचं पोषण नीट होत नाही, त्याला मोठेपणी हृदयविकार आणि मधुमेह गाठतो. इकडे डॉ. चित्तरंजन याज्ञिकांना कोडं पडलं होतं, की आपल्याकडची बारीक अंगाची, तरुण माणसं मधुमेही का होतात? उत्तर शोधायचं तर गर्भ राहण्याच्याही आधीपासून नोंदी हव्यात. म्हणून पाळीची तारीख.

एका चावडीवर मला तोंडावर विचारलं होतं, "गोऱ्यांना आमच्या बायकांचं रक्त कशाला हवंय?" प्रश्न रास्तच होता. मी म्हटलं, कोडं आपल्याच दवाखान्यातलं आहे, आणि मोजायला मीच येणार आहे. पटलं असेल नसेल. दार मात्र उघडलं. मला विचाराल तर परदेशी विद्यापीठाच्या कामात हेच आधी बघावं, की प्रश्न कुणाचा आहे.

खरी धावपळ बाळंतपणानंतर. जन्मल्यापासून ७२ तासांच्या आत बाळ मोजायचं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे पोरगी आपल्या सहा गावांच्या बाहेर. निरोप आला की मिळेल त्या एसटीनं निघायचं, आणि तिथं पोचल्यावर बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्यावर आजी उभी. वजनाला तिची हरकत नसे. पण कातडीखालची चरबी मोजायचा कॅलिपरचा चिमटा बाळाच्या दंडाला आणि पाठीला, खांद्याच्या फऱ्याखाली लावायचा म्हटलं की ती बाळ पदराआड घ्यायची. मग चिमटा आधी माझ्या हाताला लावून दाखवायचा, तिच्या हाताला लावायचा, आणि मग बाळाला. लांबी मोजणं त्याहून जिकिरीचं. नवजात बाळ पाय पोटाशी घेतं. गुडघा हलकेच दाबून धरावा, तर ते रडून घर डोक्यावर घेतं. आम्ही सगळ्याजणी तीच तीच मुलं पुन्हा मोजून आकडे ताडून पाहायचो. मिलिमीटरवरून आमच्यात भांडणं झालेली आहेत!

आमच्या बाळांचं सरासरी वजन भरलं २.७ किलो, साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. स्नायू कमी, पोटाचा घेर कमी. पाठीवरची चरबी मात्र त्या मानानं फारशी घटलेली नव्हती. दिसायला किडकिडीत आणि आतून चरबीदार, अशी ही बाळं जगभरच्या मधुमेहतज्ज्ञांच्या चर्चेत आली. त्या चिमट्याशिवाय हे कळलं नसतं. नुसत्या वजनकाट्यावर ती फक्त 'कमी वजनाची' ठरली असती.

आयांच्या खाण्यात भाकरी किती, यापेक्षा पालेभाजी, दूध आणि फळं किती, याचा बाळाच्या वाढीशी जास्त संबंध दिसला. पाणी भरणं, शेतातली कामं यांचा भार जिच्यावर जास्त, तिचं बाळ लहान. निम्म्याहून जास्त आयांत बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. ज्यांच्यात ते कमी आणि फोलेट जास्त, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण अधिक आढळलं. पुढे २०१२ साली, वयात आलेल्या याच मुलामुलींना बी-१२ देऊन पाहण्याची चाचणी सुरू झाली. मात्रा दिवसाला अवघी २ मायक्रोग्रॅम.

बी-१२ भाजीभाकरीतून मिळत नाही. ते दूध, अंडी, मासे, मटण यांतून येतं, आणि हे पदार्थ घरात कुणाच्या ताटात आधी जातात ते सांगायला नको. घरात लग्नाच्या वयाची मुलगी किंवा नवी सून असेल तर दिवस जाण्याची वाट पाहू नका. डॉक्टरांना विचारून तिचं बी-१२ आत्ताच तपासून घ्या.