उंबरा जागेवर

दुष्काळाची चाहूल लागली की माणदेशाविषयी एक प्रश्न ठरल्यासारखा पुढे येतो. टँकरभोवती घागरींची गर्दी दिसते, भेगाळलेलं तळं दिसतं आणि बघणारा हळहळून विचारतो, ही माणसं आता मुलूख सोडून जाणार की काय? त्यामागची कणव खरी असते. पण राहणं आणि जाणं या दोन वेगळ्या वाटा आहेत आणि माणूस एके दिवशी पहिली सोडून दुसरीला लागतो, असं त्यात धरून चाललेलं असतं. माणदेशाचा इतिहास या समजुतीच्या विरुद्ध साक्ष देतो. इथला माणूस जातच आला आहे, आणि तो जात आला म्हणून इथली गावं टिकली आहेत. घरातलं एक माणूस बाहेर पडतं तेव्हा मागच्या चौघांची चूल पेटती राहते, सातबारावरचं नाव राहतं, यात्रेतला घराण्याचा मान राहतो. दुष्काळ इथल्या माणसाला हलवतो. गाव उठवण्याइतकं बळ त्याच्यात नाही. गाव उठलंच तर वेगळ्या कारणाने उठेल, आणि ते कारण आभाळात शोधून सापडणार नाही.

आधी आभाळाचंच बघू. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरात वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. तिथून शंभरेक किलोमीटर पूर्वेला त्याच जिल्ह्याच्या माण तालुक्यात तो चारशे-पाचशेवर येतो. सह्याद्रीने ढग अडवायचे आणि घाटमाथ्याने रिते करून पुढे सोडायचे, हा इथला निसर्गक्रम. माणगंगा महादेवाच्या डोंगररांगेत उगवते, दहिवडी-म्हसवडवरून आटपाडी आणि सांगोल्याच्या मुलखात उतरते आणि पुढे भीमेला मिळते; वर्षातले बरेच महिने तिच्या पात्रात वाळूच असते. जूनच्या पावसावर इथे कुणी फार भिस्त ठेवत नाही. सगळं लक्ष उत्तरा आणि हस्त या नक्षत्रांवर. ते बरसले की शाळू पेरायचा, नाही बरसले की वर्ष गेलं. म्हणजे दुष्काळ हा इथे अधूनमधून येणारा पाहुणा नव्हे, तो घरचाच आहे. ज्याच्याबरोबर रोजचा संसार करायचा त्याला बघून माणूस पळत सुटत नाही, त्याच्यासाठी व्यवस्था लावतो.

चौदाव्या शतकाच्या अखेरीला सुरू झालेल्या दुर्गादेवीच्या दुष्काळात दख्खनची गावंच्या गावं ओस पडली आणि ती पुन्हा वसवायला पुढे अनेक वर्षं लागली, असं इतिहास सांगतो. ती आठवण मला टाळायची नाही. पण तिच्या शेजारी राजेवाडीचं तळं ठेवून पाहावं. १८७६-७७ च्या दुष्काळात माणगंगेवर हे काम सुरू झालं, आणि ते दुष्काळी कामावर आलेल्या हातांनी केलं. सातारा आणि सांगलीच्या आजच्या शिवेवर तो बांध अजून उभा आहे आणि खालच्या आटपाडी-सांगोल्याचं रान भिजवतो आहे. दगडमाती डोक्यावर वाहून, कोणाच्या तरी रानासाठी तळं बांधणारी ती माणसं उपाशी होती. त्यांना जगण्यापुरतं काम घराजवळ मिळालं आणि ती टिकली. १९७२ च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून जी रोजगार हमी योजना कायद्याचं रूप घेऊन उभी राहिली, तिच्याही मुळाशी हीच गोष्ट आहे. पागे याच सांगली जिल्ह्यातले, तासगावकडचे. दुष्काळात माणसाला हवा असतो तो राहण्याचा उपाय, हे त्यांना कोणत्या पुस्तकातून शिकावं लागलं नसेल.

साहित्याने आपल्या मनावर एक वेगळं चित्र कोरलं आहे, तेही नजरेआड करून चालणार नाही. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली आली. तिच्या शेवटी दुष्काळ आहे आणि वाडी सोडून निघालेले धनगर आहेत. माणदेश म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे ती रिकामी वाडी येते आणि तिथेच त्याचं मन थांबतं. पण धनगराचं जगणं मुळातच चालतं असतं. चारा संपला की घोड्यावर बिऱ्हाड लादून मेंढरं कृष्णाकाठाला किंवा घाट उतरून कोकणात न्यायची, कुणाच्या रानात रात्री मेंढरं बसवायची, खताच्या बदल्यात धान्य घ्यायचं, आणि पावसाळ्याच्या तोंडाला पुन्हा आपल्या माळावर यायचं. वाटेत लेकरं जन्मतात, म्हातारी माणसं दगावतात, वाट मोडत नाही. देव गावाकडे, वाटणी गावाकडे, सोयरीक गावाकडे. रिकामी वाडी हा या चक्राचा एक भाग आहे; दर वेळी तो शेवटच असतो असं नाही.

याच चक्राचं दुसरं, अधिक लांबचं रूप म्हणजे गलाई. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, माण, खटाव या पट्ट्यातली हजारो कुटुंबं आज देशभर सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात आहेत. तमिळनाडू-केरळपासून बंगाल-पंजाबपर्यंत सराफ कट्ट्याला लागून असलेल्या एखाद्या बोळात, जिन्याखालच्या खोलीत, भट्टीचा फुरफुराट ऐकू आला तर तिथे मराठी बोलणारं कुणी भेटण्याची शक्यता मोठी. मुशीत जुना दागिना टाकायचा, टाकणखार घालायचा, आच वाढवायची. धातू पाण्यासारखा झाला की साच्यात ओतायचा, तेजाबात टाकून हीण वेगळं करायचं, मग कस लावून सोनं किती ते सांगायचं. सोनाराच्या दुकानातला झाडलोटीचा कचरासुद्धा विकत घेऊन, जाळून, धुऊन त्यातले कण काढायचे. तेजाबाच्या वाफेत उभं राहून करायचं हे काम. ज्यांच्या रानात बाजरी धड उगवत नव्हती त्यांनी परक्याच्या सोन्यावर विश्वासाने हात ठेवायचा हक्क मिळवला, ही साधी गोष्ट नाही. आणि या कमाईचं काय झालं ते विट्याच्या आसपासच्या गावांत फिरून पाहावं. माळावर दुमजली घरं आहेत, त्यांतली कित्येक वर्षातले दहा महिने कुलुपात असतात. देवळांच्या आणि शाळांच्या भिंतींवर देणगीदारांची नावं आहेत, नावापुढे परमुलखातल्या शहराचं नाव. लेकीचं लग्न गावात, जावळ गावात, शिंगणापूरच्या चैत्री यात्रेला आणि म्हसवडच्या सिद्धनाथाच्या मार्गशीर्षातल्या रथाला हजेरी. जो मुलूख सोडला त्यात कोणी एवढा पैसा चुना-विटांत घालत नाही.

गिरणगाव, माथाडीची बाजारपेठ, साखर कारखान्यांचा पट्टा, लष्कर, सरकारी नोकरी, या सगळ्या वाटांनी हेच घडलं. सातारा जिल्ह्यात १९९१ च्या जनगणनेतसुद्धा दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या हजाराहून अधिक होती. मुलींचं भाग्य उजळलं होतं म्हणून हे झालं नव्हतं. पुरुष बाहेर होते. मनिऑर्डरीवर घर चालवणारी, औत धरणारी, सासू-सासऱ्यांचं करणारी, पाण्यासाठी पहाटे उठणारी बाई गावात होती. माणदेश टिकला याचं श्रेय कुणाला द्यायचंच असेल तर आधी तिला द्यावं लागेल. आणि बाहेर गेलेला पुरुष परत येतो तेव्हा काय होतं याचंही एक उदाहरण आहे. १९८२ च्या संपात मुंबईच्या गिरण्या थांबल्या आणि खानापूर तालुक्यातले कामगार गावी आले. दुष्काळी कामावर खडी फोडताना त्यांनी विचारायला सुरुवात केली की पाऊस कमी हे एक कारण झालं, पण नदीतली वाळू कोण नेतो, पाणी कोणाला मिळतं? मुक्ती संघर्ष चळवळ त्यातून वाढली. बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी येरळेवर बळिराजा धरण बांधलं. पैशांसाठी त्याच नदीतली थोडी वाळू विकण्याचा हक्क त्यांनी मागून घेतला, आणि पाणी वाटताना ठरवलं की ते प्रत्येक कुटुंबाचं, भूमिहीनाचंसुद्धा.

यावर कुणी म्हणेल, हे सगळं मातीच्या प्रेमाचं गाणं झालं. माणसं राहतात ती जायला जागा नसते म्हणून. या आक्षेपात निम्मं सत्य आहे आणि ते कडू आहे. परत येतो तो ज्याच्या नावावर चार एकर खडक का होईना आहे तो. ज्याच्या नावावर काहीच नाही, ज्याची वस्ती गावाच्या कडेला, त्याला परत यायला उंबरा कुठला? भूमिहीन आणि दलित कुटुंबं शहरात गेली ती पुष्कळदा कायमची गेली, आणि त्यांना हाकलणाऱ्यांत दुष्काळ एकटा नव्हता, जातही होती. पण उरलेलं निम्मं सत्य छावणीत दिसतं. २०१२-१३ च्या दुष्काळात म्हसवडला माणदेशी फाउंडेशनने चारा छावणी उभारली आणि तिथे हजारो जनावरं महिनोन्‌महिने होती. दावणीला खिलार गाई, त्यांच्यापुढे उसाचं वाढं आणि पेंड, बाजूला पाल, पालात चूल. एका घरातलं एक माणूस दावणीपाशी, बाकीचे गावात. जनावरं विकून मुंबईची गाडी धरणं सोपं होतं. बाजारात भाव पडलेला असला तरी हातात काही तरी आलं असतं. त्यांनी घर दोन ठिकाणी वाटून घेतलं, पण दावं सोडलं नाही. गाय विकली की पुढच्या हस्तात पेरायला कारण उरत नाही, हा हिशोब त्यांना पक्का ठाऊक होता. इथेही छावण्या बराच काळ गाई-म्हशींपुरत्याच राहिल्या. शेळ्या-मेंढ्यांवर जगणाऱ्याला त्यांत जागा नव्हती. पुन्हा तोच, कमी जमिनीचा माणूस बाहेर.

दुसरा आक्षेप हिशोबी आहे. एवढ्या कोरड्या मुलखात माणसं टिकवण्यासाठी कृष्णेचं पाणी शेकडो फूट वर उचलायचं, त्याची वीज, त्याचे पंप, त्यापेक्षा माणसंच पाण्याकडे का जाऊ नयेत? हा युक्तिवाद शहरात बसून करणाऱ्यांनी आपल्या नळाचा उगम शोधावा. मुंबईला पाणी शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावरून येतं आणि तिथे राहणाऱ्यांना कुणी धरणाशेजारी राहायला जा म्हणत नाही. कराडजवळ टेंभूला कृष्णा अडवून टप्प्याटप्प्याने पाणी वर चढवायची योजना १९९० च्या दशकात मंजूर झाली. आटपाडीच्या शिवारात ते पाणी दिसायला दीड-दोन दशकं गेली. त्या काळात आटपाडीत दरवर्षी पाणी परिषद भरत राहिली. १९९३ पासून नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख, भारत पाटणकर ही मंडळी आणि तेरा दुष्काळी तालुक्यांतले लोक तिथे एकच मागत राहिले: आमच्या वाट्याचं पाणी द्या. गाव सोडायच्या बेतात असलेला माणूस वीस वर्षं परिषदेला येत नाही. तो मागतो याचा अर्थ त्याला राहायचं आहे. म्हैसाळ, उरमोडी, जिहे-कठापूर या योजनांची रखडलेली वर्षं मोजली तर या माणसांच्या चिकाटीची उंची कळते.

आणि ही चिकाटी संपली तर काय होतं, त्याची एक झलक सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्याने दाखवली. सीमेलगतच्या गावांनी पाणी मिळत नसेल तर आम्हाला कर्नाटकात जाऊ द्या, असे ठराव केले होते. २०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी त्या ठरावांचा हवाला देऊन जतच्या चाळीस गावांवर हक्क सांगण्याची भाषा केली, आणि तिकडच्या तुबची-बबलेश्वर योजनेचं पाणी जतच्या तलावात आलं. महाराष्ट्रात संताप उसळला आणि विस्तारित म्हैसाळ योजनेच्या मंजुरीला एकाएकी वेग आला. अस्मितेच्या गदारोळात त्या ठरावांतलं दुःख ऐकायचं राहून गेलं. ही माणसं गाव सोडायला तयार नव्हती, राज्य सोडायला तयार होती. घर, माळ, देव, सोयरे सगळं जागेवर ठेवून वरचं सरकार तेवढं बदलावं, असं माणसाला वाटू लागतं तेव्हा तो पावसावर रुसलेला नसतो.

आता काही भागांत पाणी आलं आहे. माणमधल्या टाकेवाडीने २०१८ साली पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा जिंकली. चर खणून, बांध घालून गाव आपला पाऊस आपल्या शिवारात मुरवू शकतं हे तिने दाखवलं. आटपाडीची डाळिंबं लांब जातात. पण २०२३-२४ मध्ये माणमध्ये पुन्हा टँकर धावले, आणि जिथे कालवा पोचला तिथे उसाचे फड डोलू लागले. ज्याच्या विहिरीशेजारून वितरिका गेली त्याचं रान हिरवं झालं आणि मैलभर अलीकडचा आहे तिथेच राहिला. पूर्वी सगळ्यांना मिळून सोसावं लागायचं. आता शेजारच्या बांधावर ऊस पाहत सोसावं लागतं, आणि हे सोसणं जड आहे. शिकलेली पोरं जाऊन परत येत नाहीत, कोरड्या गावात मुलगी द्यायला आईबाप तयार नसतात, गलाईवाल्यांची तिसरी पिढी यात्रेलाही येईनाशी झाली आहे, अशी तक्रार ऐकू येते. ती खरी आहे, पण तिची मुळं मला पावसाच्या आकड्यात दिसत नाहीत. परत येण्यासारखं काय ठेवलं आहे, यात ती आहेत. म्हणून टेंभू किंवा जिहे-कठापूरचं पाणी पोचलं की नाही हे तपासताना किती हेक्टर भिजलं एवढंच विचारून भागणार नाही. सातबारा नसलेल्या घराच्या वाट्याला त्यातलं किती आलं, हे विचारायला हवं. बलवडीच्या लोकांनी स्वतःच्या खर्चाने आणि घामाने बांधलेल्या लहानशा धरणात तो वाटा काढून ठेवला होता. सरकारच्या एवढ्या मोठ्या योजनांत तो का बसू नये, याचं उत्तर पाटबंधारे खात्याकडे मागायचं आहे.