अण्णांची पायपीट

घरातील वडील माणूस गेला म्हणजे त्याची तसबीर दिवाणखान्यात लागते, वर्षातून एकदा तीस हार पडतो, आणि तो मनुष्य होता कसा, हे पुढच्या पिढीस हळूहळू ठाऊक नाहीसे होते. आमच्या आजोबांचे तसे होऊ नये, म्हणून हे चार शब्द लिहीत आहो. घरात सारे त्यांना अण्णा म्हणत. पेशा वकिलीचा, राहणे संगमनेरास, तीन भावांच्या एकत्र वाड्यात. अण्णांना नाद दोन. एक डोंगरारानांतून हिंडण्याचा, आणि दुसरा लोकांच्या उपयोगी पडण्याचा. घरची मंडळी पहिल्यास 'पायपीट' म्हणत आणि दुसऱ्यास 'लष्कराच्या भाकऱ्या'. वस्तुतः हे दोन नाद निराळे नव्हते. पहिल्याच्याच पोटी दुसरा जन्मास आला होता, तो कसा, हेच येथे सांगावयाचे आहे.

कोर्टास सुट्टी लागली की अण्णांची पिशवी खुंटीवरून खाली येई. तीत एक जादा धोतर, पंचा, तांब्या आणि आजीने बांधून दिलेल्या दशम्या. नवरात्रात कळसूबाईस जाण्याचा त्यांचा नेम असे. ५,४०० फूट उंचीचे, महाराष्ट्रातील सर्वांत उंच असे हे शिखर आमच्या अकोले तालुक्याच्या शिवेवर आहे. पायथ्याच्या बारी गावी महादेव कोळ्यांच्या एका घरी मुक्काम करावयाचा, नागलीची भाकरी खावयाची आणि पहाटेच्या गारव्यात चढू लागावयाचे. हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराच्या गुहेतील कंबरभर थंड पाण्यातून त्यांनी पिंडीस प्रदक्षिणा घातली होती, आणि ती हकीकत सांगताना उन्हाळ्यातही ते अंगावर उपरणे ओढून घेत.

एकदा त्यांनी मनावर घेतले की, प्रवरामाई उगमापासून संगमापर्यंत पायी पाहावयाची. रतनगडाच्या कुशीतून निघून रतनवाडीचे अमृतेश्वराचे जुने देऊळ, १९२६ साली पुरे झालेले भंडारदऱ्याचे धरण, रंध्याचा धबधबा, अकोल्याचा अगस्तींचा आश्रम, आमच्या गावचा म्हाळुंगीचा मेळ, आणि पुढे ज्ञानेश्वरीचे नेवासे घेऊन टोके-प्रवरासंगमापाशी गोदावरी, असा हा पल्ला. तो त्यांनी तीन सुट्ट्यांत पुरा केला. या फिरण्यात त्यांनी काय पाहिले? आषाढ-श्रावणात जेथे आभाळ फाटते, तेथेच चैत्र-वैशाखात बाया वाटीवाटीने झरा उपसताना त्यांनी पाहिल्या. कालव्याखाली ऊस डोलतो आणि तेथून काही कोसांवर पठारी गावांत प्यावयास पाणी नाही, हेही पाहिले. आणि या कोरड्या गावांत त्यांनी नारू पाहिला.

आजच्या मुलांस हा शब्दही ठाऊक नसेल. नारू म्हणजे दोन-तीन फूट लांबीचा, सुतासारखा बारीक जंत. तो बहुधा पायास फोड आणून बाहेर पडू लागे. तो काडीवर गुंडाळीत रोज थोडाथोडा ओढून काढावयाचा; मध्येच तुटला तर पाय सुजून मनुष्य महिना-दोन महिने जागचा हलत नसे. दुखणे पुष्कळदा ऐन पेरणीच्या दिवसांत येई, त्यामुळे कर्ता पुरुष ओसरीवर आणि शेत पडीक, असे घरोघर दिसे. रोगाचे मूळ पाण्यात होते. पायऱ्यांच्या बारवेत रोगी पाणी भरावयास उतरला, की त्याच्या फोडातून अतिसूक्ष्म पिले पाण्यात सुटत. डोळ्यांस जेमतेम दिसणारे पाण्यातील किडे ती गिळीत, आणि ते पाणी जो पिई त्याच्या पायातून वर्षभराने नवा नारू डोके काढी. या किड्याचा संबंध फेडचेंको या रशियन शास्त्रज्ञाने १८७० च्या सुमारास दाखवून दिला होता. त्यावर औषध नव्हते, परंतु उपाय मात्र अगदी सोपा होता. पाणी दुहेरी कापडातून गाळून प्यावे आणि पाण्यात कोणी पाय घालू नये.

अण्णांनी ही माहिती एका डॉक्टर मित्राकडून करून घेतली, आणि पुढच्या फेरीस पिशवीत दशम्यांशेजारी गाळण्याची फडकी जाऊ लागली. ही फडकी येत कोठून? तर आजीच्या जुन्या लुगड्यांतून. जुने लुगडे म्हणजे त्या काळी घरातील मोठी ठेव. त्यातून दुपटी व्हावयाची, गोधड्या व्हावयाच्या. आजी कापडाचे चौकोन कापी, कडा दुमडून शिवी आणि म्हणे, "इकडून पाय मळवायचे, आणि आम्ही लुगडी फाडायची!" परंतु अण्णा निघावयाच्या आदल्या रात्री फडक्यांची चळत तयार नाही, असे एकदाही झाले नाही.

पठारावरील एका गावी अण्णांनी पुढचे पाऊल टाकले. गावकऱ्यांस समजावून बारवेच्या पायऱ्या बंद करविल्या, काठ बांधविला आणि वर रहाट बसविला. काम पुरे झाले, तरी गावातील एका वस्तीचा नारू हटेना. त्या काळी जिला महारवाडा म्हणत, ती ही वस्ती. तेथील बायांस बारवेवर येण्याची बंदी होती. त्या ओढ्यातील डबक्याचे पाणी भरीत. रहाट सर्वांस मोकळा असावा, असा आग्रह अण्णांनी धरला. गावाने साफ नाकारले. अखेरीस अण्णांनी वर्गणी करून, आणि कमी पडले ते स्वतःचे घालून, वस्तीजवळ निराळी विहीर खोदविली. तिला पाणी लागले त्या दिवशी तेथील एका म्हातारीच्या हातून ते पाणी प्याले. लोक त्यांची वाहवा करीत, परंतु अण्णा ही गोष्ट विजय म्हणून कधी सांगत नसत. ते म्हणत, "एका गावात दोन विहिरी झाल्या, ही माझी हार."

ही वार्ता अण्णांच्या आधी वाड्यात पोहोचली. थोरल्या आजोबांनी प्रायश्चित्त घ्यावयास सांगितले, आणि अण्णांनी हात जोडून नकार दिला. आमच्या जिल्ह्यातील पारनेरचे पांडुरंग महादेव बापट, ज्यांना मुळशीच्या सत्याग्रहानंतर महाराष्ट्र सेनापती म्हणू लागला, ते विलायतेस जाऊन आलेले विद्वान असूनही पारनेरास पहाटे उठून रस्ते आणि शौचकूप झाडीत. अण्णा एवढेच म्हणाले, "बापटांनी झाडू घेतला, मी तर नुसते पाणी प्यालो." त्या दिवसापासून त्यांचे पान माजघराऐवजी ओसरीवर पडू लागले. तिसऱ्या दिवशी पुरुषांची पंगत उठल्यावर आजीने आपलेही पान उचलून ओसरीवर नेले आणि काही न बोलता ती तेथे जेवावयास बसली. वाद नाही, अबोलाही नाही. असे वर्ष-दीड वर्ष चालले. मग एके दिवशी थोरल्या आजोबांनीच आपला पाट अण्णांच्या शेजारी मांडावयास सांगितले. कारण काय, तर "माजघरात फार उकडते." त्यावेळी मार्गशीर्ष चालू होता!

या सर्वांची किंमत कोणी दिली, हेही सांगितले पाहिजे. अण्णा डोंगरांत असत तेव्हा आल्यागेल्याचे, सणावाराचे, मुलांच्या दुखण्याखुपण्याचे सारे आजीवर पडे. विहिरीस कमी पडलेले पैसे आजीच्या पाटल्यांतून गेले होते, हे आमच्या थोरल्या आत्यांनी आम्हांस सांगितले. कळसूबाईचे शिखर आजीने जन्मात पाहिले नाही. अण्णांचे हिंडणे आणि अण्णांची सेवा, दोन्ही तिच्या घरी राहण्यावर उभी होती. हे म्हटल्याने अण्णा लहान होतात असे आम्हांस वाटत नाही. परंतु हे न म्हटल्यास आठवण अर्धीच राहते.

अण्णा १९७१ साली गेले आणि आजी त्यानंतर काही वर्षांनी. १९८६ साली जगात अदमासे ३५ लाख लोकांस नारू होत असे. आपल्या देशातील शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानात आढळला, आणि २००० साली भारत नारूमुक्त झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणित केले. या रोगावर लस निघाली नाही. सरकारी मोहीम, हातपंप, बंद झालेल्या पायऱ्या आणि गाळलेले पाणी यांनी तो घालविला. त्यात अण्णांचा वाटा समुद्रातील थेंबाएवढा. परंतु तो थेंब गाळलेला होता.

मध्यंतरी आम्हां भावंडांत विषय निघाला की, त्या विहिरीवर अण्णांच्या नावाची संगमरवरी शिला बसवावी. आत्या तेव्हा नव्वदीच्या होत्या. त्या म्हणाल्या, "बसवा, पण आधी आईचे नाव घाला. फडकी तिची होती." वाचकांच्या घरीही अशा वडिलांच्या तसबिरी असतील. त्यांच्या मागे कोणाची लुगडी फाटली, हे सांगणारे माणूस घरात आहे तोवर त्यास विचारून घ्यावे. आमच्या विहिरीवर शिला अद्याप बसलेली नाही. बसेल तेव्हा तीवर नावे दोन असतील, एवढे मात्र ठरले आहे.