सासूबाईंच्या भुवया

लग्न होऊन मी साताऱ्याला आले त्याला यंदा बारा वर्षं झाली. कुणाला सासरी सासऱ्यांचा आवाज नडतो, कुणाला नणंदेची जीभ. मला नडल्या त्या सासूबाईंच्या भुवया. बाई बोलायला वाईट नाहीत, उलट कमीच बोलतात. पण मी काही सांगायला गेले की भुवया वर आणि कपाळाला चार आठ्या! शाळेत अर्धवेळ शिकवायला जाऊ का, असं विचारलं तेव्हा भुवया वर. नवी साडी दाखवली, भुवया वर. तोंडानं मात्र "जा की", "छान आहे". मी मनात म्हणायची, खरं उत्तर कपाळावर लिहिलंय. हळूहळू मी त्यांना काही सांगणंच कमी केलं. एका स्वयंपाकघरात वावरायचं आणि कामापुरतं बोलायचं, असं आमचं चाललेलं.

मागच्या दिवाळीला वन्सं सांगलीहून आल्या. सासूबाई ओसरीवर पेपर वाचत होत्या. वन्सं एकदम म्हणाल्या, "आई, तू बोटानं पापणी का उचलून धरतेस गं?"

"त्याशिवाय वरच्या ओळी दिसत नाहीत नीट," सासूबाई म्हणाल्या.

मैत्रिणींनो, ते बोट मी दोन-तीन वर्षं रोज पाहत होते. मला वाटायचं, सवय असेल. मग एकेक आठवायला लागलं. वरच्या फळीवरचे डबे त्या चाचपून काढायच्या. एस.टी.ची पाटी मला वाचायला लावायच्या. कपाटाच्या उघड्या दारावर दोनदा डोकं आपटलं होतं. आणि रोज संध्याकाळी कपाळाला सुंठेचा लेप! ती सुंठ उगाळून मीच देत होते, तीही जरा कुरकुरतच. चष्म्याचा नंबर बदलून झाला होता, मोतीबिंदूही नव्हता. मग झालं, वयाचं आहे म्हणून आम्ही सगळे गप्प बसलो होतो.

वन्संनी सांगलीला दाखवायचं ठरवलं. तशी सांगली-मिरज म्हणजे आमच्या बाजूची दवाखान्यांची पंढरीच. मिरजेत डॉ. वानलेस यांचं रुग्णालय १८९४ साली उभं राहिलं, तेव्हापासून आसपासच्या गावांना मिरजेची वाट पाठ आहे. कराडवरून एस.टी.नं आम्ही दोघी निघालो. वाटेत किती बोललो म्हणाल, तर तिकिटापुरतं.

डॉक्टरांनी एक साधी गोष्ट केली. सासूबाईंच्या कपाळावर तळवा ठेवून भुवया हलकेच दाबून धरल्या आणि म्हणाले, "आता डोळे उघडा, आजी." डोळे उघडले, पण वरची सैल कातडी पडद्यासारखी अर्ध्या बुबुळावर आली. ते म्हणाले, "या दिवसभर कपाळाच्या जोरावर पापण्या उचलून बघतात. म्हणून आठ्या, म्हणूनच डोकेदुखी."

मी खुर्चीत बसल्या बसल्या गार पडले.

नंतर एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात बघायला लावून ठिपका दिसला की बटण दाबायची परीक्षा झाली. एकदा आहे तशी, आणि एकदा पापण्या चिकटपट्टीनं वर उचलून. दोन्ही कागद शेजारी ठेवले, तर पहिल्यावर वरचा भाग काळाच काळा, दुसऱ्यावर तो बराचसा उजळलेला. ऑपरेशननं साधारण किती फरक पडेल, ते यावरून कळतं. हा कागद आणि आधीचे फोटो जपून ठेवा. आमचे कागद विमा कंपनीनं आधी 'सौंदर्योपचार' म्हणून परत पाठवले होते, याच कागदानं ते मार्गी लागले.

सासूबाईंचा मात्र ठाम नकार. "सहासष्टाव्या वर्षी डोळे कापून घ्यायचे? लोक म्हणतील, म्हातारी नटायला लागली." आमच्या ह्यांनीही "इतकं गरजेचं आहे का?" म्हणून पाहिलं. तेव्हा मी पाचवीच्या मुलांना सांगावी तशी सुश्रुताची गोष्ट सांगितली. सुश्रुतसंहितेत, पापणीचे केस आत वळून डोळ्याला टोचतात त्या पक्ष्मकोपावर, पापणीवरची जवाच्या दाण्याच्या आकाराची कातडी आडवी काढून केसानं शिवायला सांगितलंय. विकार वेगळा, पण जागा आणि काप बराचसा हाच. "म्हणजे हे जुनंच आहे तर," म्हणाल्या आणि तयार झाल्या. बी.ए.चा एवढा उपयोग मला आजवर झाला नव्हता.

आता तुमच्या घरात कुणाला करायचं असेल तर काय होतं ते सांगते. रक्त पातळ राहण्याची गोळी चालू असेल तर ती डॉक्टरांना आधीच सांगायची, आपल्या मनानं बंद करायची नाही. रक्तदाब आटोक्यात हवा. ऑपरेशनच्या दिवशी बसवूनच पापणीवर पेनानं खुणा करतात. कातडी किती काढायची हाच त्यातला हिशेब, कारण डोळा मिटायला भुवईपासून केसांपर्यंत साधारण २० मिलिमीटर तरी कातडी शिल्लक लागते. भूल फक्त तेवढ्या जागेपुरती. सुई टोचताना चुरचुरतं, पुढे ओढल्यासारखं कळतं पण दुखत नाही. सासूबाई तर आत डॉक्टरांना साताऱ्याचे कंदी पेढे कुठले चांगले ते सांगत होत्या म्हणे! तासाभरात दोन्ही डोळे झाले आणि संध्याकाळी वन्संच्या घरी.

खरी परीक्षा पुढचा आठवडा. मलमामुळे धूसर दिसतं. पहिले दोन दिवस थंड शेक द्यायचा. आम्ही फ्रीजमधल्या मटारच्या दाण्यांची पिशवी स्वच्छ रुमालात गुंडाळून दहा-दहा मिनिटं ठेवत होतो. झोपताना डोक्याखाली दोन उशा. वाकायचं नाही, बादली उचलायची नाही, देवाला नमस्कारसुद्धा उभ्यानंच. तिसऱ्या दिवशी चेहरा असा दिसला की माझा मुलगा आजीजवळ जाईना. काळंनिळं गालापर्यंत उतरलं. शेजारच्या बाई हळूच विचारून गेल्या, "पडल्या का हो?" त्यांच्या मनात दुसरंच होतं, आणि नजर माझ्याकडे! रात्री डोळे पुरते मिटत नव्हते, थोडे कोरडे पडत होते, त्याला थेंब आणि मलम दिलं. हे काही दिवस चालतं. पण जोराची कळ, डोळा पुढे आल्यासारखा किंवा नजर एकदम कमी, असं काही झालं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा, हे डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. आम्हाला तशी वेळ आली नाही.

सहाव्या दिवशी टाके निघाले. दोन आठवड्यांत निळेपणा ओसरला. काजळ तोवर बंद. वण पापणीच्या घडीतच लपतो, मात्र त्याची लाली काही महिने राहते. डोळ्याखालची काळी वर्तुळं किंवा कोपऱ्यातल्या सुरकुत्या यानं जात नाहीत, ती आशा धरू नये. आणि एकाच डोळ्याची पापणी अचानक खाली आली, एकाची दोन दिसू लागली, तर ती सैल कातडी नव्हे. तिथे ताबडतोब डॉक्टर.

त्या आठवड्यात शाळेला रजा टाकून मीच त्यांच्याजवळ होते. दर चार तासांनी थेंब घालायचे म्हणजे चेहरा अगदी जवळ येतो. बारा वर्षांत इतक्या जवळून मी त्यांना पाहिलं नव्हतं. टाके निघाल्यावर तिसऱ्या दिवशी त्या गॅलरीत बसल्या होत्या. समोरच्या नारळाकडे मान न वाकवता बघत म्हणाल्या, "अगंबाई, नारळ धरलेत की." त्यांचं कपाळ सपाट होतं. भुवया आपल्या जागी, खाली. मला तो चेहरा ओळखीचाच वाटेना.

त्या रात्री न राहवून सगळं सांगून टाकलं. म्हटलं, "आई, इतकी वर्षं मला वाटायचं, तुम्हाला माझं काहीच पटत नाही. नोकरीचं विचारलं तेव्हासुद्धा तुमच्या भुवया..."

"तू उभी होतीस, मी खाली बसले होते," त्या म्हणाल्या. "तुझं तोंड दिसायला नको?"

मला बोलवेना. थेंबांची बाटली हातात घेऊन नुसती बसले. त्याही गप्प होत्या. मग म्हणाल्या, "पण तुझ्या पहिल्या पुरणपोळीच्या वेळच्या भुवया खऱ्या होत्या हो. ती फारच जाड झाली होती."