येडगावचा कालवा आणि सोनूचं अवधाण

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने निघालं, की मंचर मागे पडतं आणि नारायणगाव लागतं. टोमॅटोचे टेम्पो, द्राक्षांच्या बागा आणि खोडदच्या बाजूला महाकाय रेडिओ-दुर्बिणीच्या पांढऱ्या तबकड्या! तिथून थोडं आत गेलं, की येडगाव. इथे कुकडी नदीवर धरण आहे आणि आमच्या काकांचं घरही. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी भाच्याला, सोनूला, घेऊन तिकडे गेलो होतो.

वरच्या धरणांचं पाणी येडगावला येतं आणि इथून निघणारा कालवा ते पार श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्याकडे घेऊन जातो. आम्ही पोचलो तेव्हा नुकतंच आवर्तन सुटलं होतं. कालवा काठोकाठ भरलेला. काका रोज भरावावरून चक्कर मारायचे. सोनूने विचारलं, "आजोबा, तुम्ही खाली काय बघता?"

"बिळं! कालवा कोरडा असतो तेव्हा खेकड्याच्या बिळाचं काही वाटत नाही. पण पाणी जोरात असलं, की एवढंसं बीळसुद्धा भराव फोडतं. म्हणून आवर्तनातच राखण जास्त."

त्याच चकरेत अनवाणी सोनूच्या पायात बाभळीचा काटा मोडला. ओरडा बसेल म्हणून पठ्ठ्या गप्प राहिला. तिसऱ्या दिवशी अंगात कणकण आणि जांघेत दुखरी गाठ! स्वारी घाबरली.

काकू म्हणाल्या, "अवधाण आलंय. पाय दाखव बघू."

नारायणगावच्या डॉक्टरांनी काटा काढला, जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. सोनूचा प्रश्न तयारच होता, "काटा पायात, मग गाठ इथे कशी?"

"तिथे तुझी लसिका ग्रंथी आहे," डॉक्टर हसून म्हणाले. "जंतूंची खबर तिथे पोचली. त्या जंतूला ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशी मोजक्याच असतात. म्हणून त्या भराभर दुप्पट होतात. त्यामुळे ग्रंथी सुजते."

घरी येऊन आम्ही हिशेब मांडला. जोरात वाढताना या पेशी आठ-दहा तासांत एकदा दुभंगू शकतात. आठ तास धरले, तर एका पेशीच्या चार दिवसांत ४,०९६ पेशी होतात! पण दरवेळी पेशीतल्या डीएनएची पूर्ण नक्कल करावी लागते. हा धागा उलगडला तर सुमारे २ मीटर भरतो. त्यावर चार रासायनिक अक्षरांत लिहिलेली सहाशे कोटींहून जास्त अक्षरं असतात.

घाईत वही उतरवून घेताना आपल्या चुका होतातच. नक्कल करणाऱ्या प्रथिनाचीही लाखात एखादी चूक होते. म्हणजे प्रत्येक नव्या पेशीत साठ हजारांवर चुका! पण ते प्रथिन चुकलेलं अक्षर तिथल्या तिथे खोडतं. त्यातून निसटलेल्या चुका दुसरी प्रथिनं शोधतात. शेवटी उरतात त्या बोटांवर मोजण्याइतक्या. या दुरुस्तीची उकल करणाऱ्या लिंडाल, मॉड्रिच आणि सॅन्कार या शास्त्रज्ञांना २०१५ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

धागा तुटला तर पी-५३ नावाचं प्रथिन पेशीला थांबवतं. दुरुस्ती झाली तर पुढे जायचं, नाही तर पेशी स्वतःच नष्ट होते. ही राखण ढिली पडली, तर बिघडलेली पेशी वाढतच राहते आणि कर्करोगही होऊ शकतो.

नक्कल करायला कच्चा मालही हवा. त्याची गोष्ट आपल्या मुंबईतलीच आहे. १९२८ साली ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टर भारतात आल्या. मुंबईत गरीब गरोदर बायकांना होणाऱ्या एका पंडुरोगाचा त्यांनी अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे त्यांनी १९३१ साली जाहीर केलं. त्या अर्कातला गुणकारी पदार्थ म्हणजे फॉलिक आम्लाच्या जातीचं जीवनसत्त्व, हे पुढे कळलं. ते कमी पडलं, तर डीएनएची अक्षरं पुरत नाहीत आणि चुकीचं अक्षर बसून धागा तुटू शकतो. रक्तातल्या तांबड्या आणि पांढऱ्या, दोन्ही पेशींची वाढ त्यामुळे अडते. पालेभाज्या आणि कडधान्यांत हे जीवनसत्त्व भरपूर असतं.

हे ऐकल्यावर रात्री सोनूने मेथीची भाजी कुरकुर न करता खाल्ली. काकू बघतच राहिल्या!

आठवड्याभरात गाठ बसली. मुलांनो, अशी गाठ मोठी होत गेली किंवा उतरली नाही, तर अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि काटा लागला तर लपवू नका!

निघायच्या दिवशी सोनू पुन्हा भरावावर गेला, या वेळी चपला घालून. एका जागी ओल दिसताच तो ओरडला, "आजोबा, बीळ!" काकांनी वाकून पाहिलं आणि फावडं आणायला घराकडे वळले.